क्रायो: दिसायला देखणी, हिशोबाला कच्ची. एका फ्रेंच गेम स्टुडिओचं प्रकरण

जुलै 2002 मध्ये पॅरिसच्या क्रायो इंटरॅक्टिव्ह या कंपनीनं आपल्याकडे देणी भागवायला पैसे नाहीत असं कबूल केलं आणि ऑक्टोबरमध्ये कंपनी लिक्विडेशनमध्ये, म्हणजे मालमत्ता विकून गाशा गुंडाळण्याच्या प्रक्रियेत गेली. गंमत म्हणजे कागदावर बघितलं तर हिच्याकडे सगळं होतं. दहा वर्षांत काढलेल्या डझनावारी गेम्स, शेअर बाजारात नाव, कॅनडात बहुतांश मालकीची एक कंपनी, ऑनलाइन गेम्ससाठी वेगळी कंपनी, फ्रान्सच्या राष्ट्रीय संग्रहालयांशी ओळख, कनाल प्लससारखा टीव्हीवाला पार्टनर. हिच्या मरणाचं कारण जिथे विचाराल तिथे एकच ऐकायला मिळतं, की हलती थ्रीडी चित्रं काढणारी कार्डं आली, गोष्ट उलगडत कोडी सोडवायच्या अ‍ॅडव्हेंचर गेम मेल्या, म्हणून क्रायो मेली. मला हे कारण अर्धवट वाटतं, आणि का वाटतं ते नीट सांगायचं तर थोडं मागून सुरुवात करावी लागेल.

फिलिप उलरिच हा मुळात संगीतवाला माणूस. 1978 मध्ये याची स्वतःची रेकॉर्ड निघाली होती, मग घरगुती कॉम्प्युटर आले आणि हा तिकडे वळला. पॅरिसमध्ये ईआरई इन्फॉर्मॅटिक नावाची छोटी कंपनी होती, तिथे तो आणि रेमी एरब्युलो वगैरे मंडळी जमली. पुढे ल्योंच्या इन्फोग्राम या गेम कंपनीनं ही कंपनी विकत घेतली. 1988 मध्ये उलरिच आणि प्रोग्रामर दिदिए बुशों यांनी कॅप्टन ब्लड काढली. अटारी एसटी या घरगुती कॉम्प्युटरवरची ही गेम इतकी विचित्र होती की आजही कोणी तसं काही काढायला धजणार नाही. अंतराळात भटकत आपलेच क्लोन शोधायचे आणि परग्रहवासीयांशी बोलायचं ते चित्रांच्या भाषेत, म्हणजे आयकॉन जोडून वाक्य बनवायचं. सुरुवातीचं संगीत फ्रेंच संगीतकार जाँ-मिशेल जारचं. त्यावर कडी म्हणजे या लोकांनी एक्सॉस नावाचा देवच काढला, आपल्या लेबलला त्याचं नाव दिलं आणि पत्रकारांसमोर त्याचे विधी केले. मार्केटिंग म्हणा की आचरटपणा म्हणा, पण त्या काळचं फ्रेंच गेम जग असंच होतं, कोडिंगवाले कमी आणि कलाकार जास्त.

इन्फोग्रामच्या छत्राखाली या लोकांचं फार काळ जमलं नाही आणि ते बाहेर पडले. उलरिच, एरब्युलो आणि व्हर्जिन या गेम प्रकाशक कंपनीच्या फ्रेंच शाखेतून आलेला जाँ-मार्सियाल लफ्राँ अशा तिघांची मिळून क्रायो उभी राहिली. नाव 1990 पासून वापरात होतं, रीतसर कंपनी 1992 ची. पहिलं मोठं काम मिळालं व्हर्जिनकडून, आणि ते होतं ड्यून.

आता ड्यूनचा किस्सा जरा सविस्तर सांगतो, कारण पुढच्या सगळ्याचं मूळ इथे आहे. व्हर्जिनच्या मार्टिन आल्परनं फ्रँक हर्बर्टच्या कादंबरीवरच्या गेमचे हक्क मिळवले आणि काम क्रायोकडे दिलं. पॅरिसकर मंडळींनी जे बनवायला घेतलं ते बघून व्हर्जिनवाल्यांना काही कळेना. ही अ‍ॅडव्हेंचर आहे की स्ट्रॅटेजी? मध्येच तुम्ही कादंबरीचा नायक पॉल होऊन लोकांशी गप्पा मारताय, मध्येच नकाशावर वाळवंटातल्या फ्रेमेन लोकांच्या टोळ्या इकडून तिकडे पाठवताय, वाळवंटातला मौल्यवान पदार्थ स्पाइस खोदताय, सम्राटाला खंडणी धाडताय. शेवटी वरून निर्णय आला की हे बंद करा, आणि ड्यूनचं नाव गेलं अमेरिकेत लास व्हेगासच्या वेस्टवुडकडे. पण क्रायोनं काम थांबवलंच नाही, गुपचूप चालू ठेवलं. दरम्यान व्हर्जिनची फ्रेंच शाखा सेगानं विकत घेतली, आणि नव्या मालकानं हिशोब तपासायला घेतले तर ड्यून नावाच्या बंद पडलेल्या प्रोजेक्टवर पैसे खर्च होताना दिसले! बोंबाबोंब झाली. मग काय आहे ते दाखवा म्हणून काही आठवड्यांची मुदत मिळाली, क्रायोनं जे होतं ते दाखवलं, आणि ते इतकं सुंदर होतं की प्रोजेक्टला परत जीवदान मिळालं. तोवर वेस्टवुडचंही काम बरंच पुढे गेलेलं, त्यामुळे 1992 मध्ये एकाच नावाच्या दोन वेगवेगळ्या गेम्स बाजारात आल्या, क्रायोची ड्यून आणि वेस्टवुडची ड्यून टू. दुसरीनं रिअल टाइम स्ट्रॅटेजी (पाळ्या न लावता एकसलग सैन्य हलवायचं) या प्रकाराचा साचाच घालून दिला आणि इतिहासाच्या पुस्तकात जाऊन बसली. पहिली गेम खेळलेले लोक मात्र आजही तिच्याबद्दल हळवे होऊन बोलतात.

का, ते समजून घ्यायला पाहिजे. वाळवंटावर उगवतीचे रंग बदलत जायचे, स्पाइसच्या सहवासात पॉलचे डोळे हळूहळू निळे होत जायचे, आणि मागे स्तेफान पिकचं संगीत, जे अ‍ॅडलिब साउंड कार्डाच्या किरट्या आवाजातसुद्धा अंगावर काटा आणायचं (पुढे त्याची वेगळी सीडीही निघाली). पण माझ्या मते खरी करामत वेगळी होती. गोष्ट आणि स्ट्रॅटेजी एकमेकांत मुरलेल्या होत्या. तुमचं सैन्य वाढतं ते तुम्ही स्वतः उडत जाऊन एकेका सिएचमधल्या (फ्रेमेनांच्या वस्तीतल्या) माणसांना भेटता म्हणून, आणि माणसं तुमचं ऐकतात कारण गोष्टीत तुमचं वजन वाढलेलं असतं. हे डिझाइन आहे, नुसती चित्रकला नाही. ते जमलं कारण एका टीमला पुरेसा वेळ मिळाला आणि मधल्या काळात वरच्यांचं लक्षच नव्हतं.

क्रायोनं मात्र यातून शिकायचं ते शिकलं नाही. त्यांच्या डोक्यात बसलं ते एवढंच, की आपली चित्रं भारी आहेत आणि लोक त्यावर फिदा होतात.

आणि वेळही अशी की हा समज पक्का व्हावा. 1993-94 म्हणजे सीडी-रॉमचा जमाना. 1.44 एमबीची फ्लॉपी वापरणाऱ्या लोकांसमोर एकदम साडेसहाशे एमबीची तबकडी आली, आणि कोणालाच कळेना की एवढ्या जागेत भरायचं काय. क्रायोला कळत होतं. 1993 ची मेगारेस घ्या. गाडी पळवायची गेम, पण रस्ता म्हणजे आधीच रेंडर करून, म्हणजे कॉम्प्युटरवर काढून ठेवलेला व्हिडिओ, त्यावर तुमची गाडी चिकटवलेली. खेळायला यथातथाच खरं तर. पण दिसायची कसली! आणि मध्ये मध्ये तो लान्स बॉइल नावाचा आगाऊ टीव्ही होस्ट, जो सगळा वेळ खाऊन जायचा. सीडी ड्राइव्ह विकणाऱ्यांना दुकानात दाखवायला असंच काहीतरी पाहिजे होतं, त्यामुळे ती हार्डवेअरबरोबर फुकट दिली जायची आणि भरपूर घरांत पोचली. म्हणजे ती लोकांनी निवडून घेतलेली नव्हती, डब्यातून आलेली होती, आणि धंद्याच्या दृष्टीनं हा फार मोठा फरक आहे. ड्रॅगन लोर, लॉस्ट ईडन, कमांडर ब्लड, सगळ्यांची जातकुळी थोडीफार तीच. लॉस्ट ईडनचं संगीत आजही ऐकावं असं आहे, पण गेम म्हणून काय आठवतं विचाराल तर डायनासोर होते, एवढंच.

मग 1996 मध्ये त्यांना जे सापडलं ते मला ड्यूनइतकंच महत्त्वाचं वाटतं. व्हर्साय 1685. फ्रान्सच्या राष्ट्रीय संग्रहालयांची संस्था, कनाल प्लसचा मल्टिमीडिया विभाग आणि क्रायो असे तिघे एकत्र आले. चौदाव्या लुईचा दरबार, एकच दिवस, आणि तुम्ही राजाच्या पदरचा लालांद नावाचा एक साधा नोकर. महाल जाळण्याचा कट शिजतोय आणि तो तुम्ही शोधायचा. सोबत महालाची, चित्रांची, दरबारी रीतिरिवाजांची माहिती भरलेला कोशच जोडलेला होता. महाल 1685 मध्ये जसा होता तसा, म्हणजे पुढे पाडलेल्या भागांसकट, अभ्यासकांचा सल्ला घेऊन उभा केलेला.

यातली तांत्रिक युक्ती पण समजून घ्या, कारण पुढे तीच गळ्याशी आली. तिचं नाव ओम्नी थ्रीडी. खोलीच्या मधोमध उभं राहून चारी बाजूंनी, वर, खाली जे दिसेल ते सगळं आधीच एका मोठ्या चित्रात रेंडर करून ठेवायचं, आणि खेळणाऱ्याला त्या चित्राच्या आत उभं करून मान वळवू द्यायची. पुढे जायचं तर क्लिक करा, छोटासा व्हिडिओ चालेल आणि तुम्ही पुढच्या जागी. यात थ्रीडी कार्ड लागत नाही, घरचा साधा पीसी चालतो, तरी भिंतीवरचं नक्षीकाम अगदी बारीक दिसतं. त्या काळात खरं थ्रीडी म्हणजे टोकदार त्रिकोणांची माणसं, त्यापुढे हे म्हणजे राजेशाही थाट. तोटा एवढाच, की जितक्या जागा तितकी चित्रं, त्यामुळे 1997 ची अटलांटिस यायला 4 सीडी लागल्या. आणि जग कितीही सुंदर असलं तरी ते थिजलेलं, त्यात तुम्ही काही हलवू शकत नाही, डिझायनरनं जिथे हात लावायची परवानगी दिली तिथेच हात लावायचा.

व्हर्सायच्या प्रती लाखांत खपल्या. कोणी घेतल्या? हाच मुद्दा आहे. नेहमी गेम खेळणाऱ्या पोरांनी नाही, तर त्यांच्या आयांनी, मास्तरांनी, संग्रहालय बघायला गेलेल्यांनी. ज्यांना बंदुका नको होत्या, घाईघाईत बटणं दाबायची नव्हती, ज्यांना इतिहास आवडायचा. या गिऱ्हाइकाकडे तेव्हा फारसं कोणी बघतच नव्हतं. क्रायोला सोन्याची खाण सापडली होती, फक्त ती हळूहळू खणायची खाण होती. असं काम संशोधन मागतं, वर्षाला एखादंच नीट होतं.

1997 हे माझ्या लेखी कळसाचं वर्ष. अटलांटिस चांगली चालली, ईजिप्त 1156 आली, आणि कनाल प्लसबरोबर दझिएम मोंद नावाचं चक्क ऑनलाइन पॅरिस सुरू झालं, ज्यात लोक अवतार घेऊन फिरायचे, घर सजवायचे, गप्पा मारायचे. डायल-अप मोडेमच्या काळात, सेकंड लाइफ या गाजलेल्या ऑनलाइन जगाच्या सहा वर्षं आधी! त्यासाठी लागणारी स्कोल नावाची प्रोग्रामिंग भाषासुद्धा घरची. लोक क्रायोला नुसतं चित्रकारांचं दुकान म्हणतात तेव्हा मला हे आठवतं आणि राग येतो. डोकं होतं हो या लोकांकडे. पण फिरायला कितीही मजा येवो, अशा जगातून नियमित पैसे कसे काढायचे हे तेव्हा जगात कोणालाच धड माहीत नव्हतं, आणि पुढे काही वर्षांत ते बंद पडलं.

1998 च्या शेवटी क्रायो पॅरिसच्या शेअर बाजारात आली, आणि इथून पुढे सगळा नूर पालटला.

शेअर बाजारात उतरलेल्या गेम कंपनीचं गणित जरा वाकडं असतं. गेमला दीड-दोन वर्षं लागतात, पैसे येतात पहिल्या काही महिन्यांत, ते पण चालली तर. गुंतवणूकदारांना मात्र दरवर्षी वाढ दाखवायची. मग सोपा रस्ता म्हणजे गेम्सची संख्या वाढवा. घरच्या टीम पुरत नसतील तर बाहेरच्या छोट्या स्टुडिओंना कामं द्या आणि वर क्रायोचा शिक्का मारा. याच सुमारास सुरू झाली रांग. चीनचा निषिद्ध महाल, अ‍ॅझ्टेक, पॉम्पेई, ओडिसी, ईजिप्तचा दुसरा भाग, अटलांटिसचा दुसरा, तिसरा. कादंबऱ्यांचे हक्क घेऊन युबिक, रिव्हरवर्ल्ड. सिनेमावरून फ्रॉम डस्क टिल डॉन. अ‍ॅडव्हेंचर, अ‍ॅक्शन, स्ट्रॅटेजी, जे दिसेल ते. म्हणजे भाद्रपदाच्या तोंडावर साच्यातून गणपती काढावेत तसं, मुकुट बदलला की झाला नवीन. यातल्या काही वाईट नाहीत, अटलांटिस टू तर मला पहिल्यापेक्षा जास्त आवडते, तिच्यात कल्पनेचा खेळ आहे. पण गिऱ्हाईक दुकानात गेलं की डब्यावर क्रायो बघून काय समजणार? कधी व्हर्साय निघणार, कधी बगने भरलेली कसलीतरी मारामारी. जे नाव बघून आई पोराला गेम घेऊन द्यायची, त्या नावाला काही अर्थच उरला नाही.

अ‍ॅक्शन गेमच्या मागे लागणं तर निव्वळ हौस. जिथे तुमच्या घरची ताकद एका जागी उभं करून सुंदर दाखवण्यात आहे, तिथे तुम्ही धावण्या-उड्या मारण्याच्या गेममध्ये टूम्ब रेडरशी भिडायला जाता. गिफ्ट नावाची एक गेम काढली, पात्रं रेजिस लुआझेलसारख्या नामवंत फ्रेंच कॉमिक चित्रकाराकडून करून घेतली, गाजावाजा केला, आणि ती आपटली. परत तोच समज, की चित्र भारी म्हणजे काम फत्ते.

2000 मध्ये क्रायोनं टोरंटोच्या ड्रीमकॅचर कंपनीत बहुमताचा वाटा घेतला. हा सौदा मला त्यांच्या शेवटच्या वर्षांतला सगळ्यात शहाणा वाटतो. ड्रीमकॅचरचं डोकं साधं होतं, युरोपात बनलेल्या अ‍ॅडव्हेंचर गेम उचलायच्या, अमेरिकेत मोठ्या दुकानांच्या कपाटात स्वस्त किमतीत ठेवायच्या. मोठमोठ्या जाहिराती नाहीत, नवीन इंजिन (गेम चालवणारं मूळ सॉफ्टवेअर) नाही. पंचेचाळीस-पन्नास डॉलरची गेम घेताना माणूस दहादा विचार करतो, वीस-तीस डॉलरला सहज उचलतो. आणि अमेरिकेतसुद्धा तेच गिऱ्हाईक निघालं जे फ्रान्समध्ये व्हर्सायला मिळालं होतं, मोठ्या वयाचं, शांतपणे खेळणारं, त्यात बायका बऱ्याच. म्हणजे पॅरिसमध्ये बसून क्रायो जे गिऱ्हाईक सोडून अ‍ॅक्शनच्या मागे पळत होती, तेच गिऱ्हाईक हिची कॅनडातली कंपनी जपून ठेवत होती.

शेवटचा दणका बसला तो 2001 मध्ये फ्रँक हर्बर्ट्स ड्यून या गेमनं. साय-फाय चॅनलची मालिका 2000 मध्ये आली होती, तिच्यावर आधारलेली थ्रीडी अ‍ॅक्शन गेम, बनवली बाहेरच्या वाइडस्क्रीन गेम्स या स्टुडिओनं. अपेक्षा मोठ्या, नाव मोठं, आणि हातात आलं ते एक सामान्य, लपतछपत शत्रूचा गळा दाबायची गेम. पॉल आत्रेडीसच्या गोष्टीतलं राजकारण नाही, वाळवंट म्हणावं असं वाळवंट नाही. समीक्षकांनी धुतली, लोकांनी घेतली नाही. सगळा पैसा अशा मोठ्या नावांवर लावलेला, त्यात 2000 च्या वसंतात इंटरनेट कंपन्यांचा फुगा फुटून युरोपातले वाढत्या कंपन्यांचे बाजार झोपलेले, नवीन भांडवल मिळायची सोय नाही. बोर्दोची कॅलिस्टो त्याच वर्षी, 2002 मध्ये बुडाली, अनदर वर्ल्ड ही गाजलेली गेम काढणारी डेल्फिन 2004 मध्ये गेली. फ्रान्सच्या गेम उद्योगाला मोठी कळ लागली होती आणि क्रायो त्यात एकटी नव्हती, हे खरंच.

पण आता ते अ‍ॅडव्हेंचर मेली म्हणून क्रायो मेली, त्याचं बघू. ज्या 2002 मध्ये क्रायो बुडाली त्याच वर्षी मायक्रोइड्सची सायबेरिया आली. फ्रेंच कंपनीची अ‍ॅडव्हेंचर गेम, पार्श्वभूमीची चित्रं आधी रेंडर केलेली, मारामारी शून्य, घाई शून्य, कॉमिक चित्रकार बेनुआ सोकालच्या कल्पनेतलं जग. तुफान गाजली. आणि उत्तर अमेरिकेत ती विकली कोणी? ड्रीमकॅचरनं! आई दिवाळखोरीत आणि लेक दुसऱ्याची अ‍ॅडव्हेंचर विकून गल्ला भरतेय. बाजार मेला असता तर हे झालं नसतं. बाजार छोटा होता, हे मान्य, पण तो एका मध्यम आकाराच्या, वर्षाला दोन-तीन नीट गेम काढणाऱ्या कंपनीला पोसण्याइतका होता. क्रायोनं त्या बाजाराच्या जिवावर शेअर बाजारातल्या कंपनीचा खर्च काढायला घेतला.

लिक्विडेशनमध्ये क्रायोची बरीचशी मालमत्ता आणि काम करणारी काही माणसं ड्रीमकॅचरनंच घेतली. म्हणजे ज्यांना विकत घेतलं त्यांनीच उरलंसुरलं उचललं. त्यातून एक छोटी टीम अटलांटिसचा आणखी एक भाग करत बसली, तो 2004 मध्ये आला. पुढे ड्रीमकॅचर ऑस्ट्रियाच्या जोवूडकडे गेली, आणि क्रायोच्या गेम्सचे हक्क 2008 मध्ये मायक्रोइड्सकडे.

यातला मला सगळ्यात बोलका वाटणारा भाग मात्र वेगळाच आहे. 2003 मध्ये क्रायोतून बाहेर पडलेल्या काही लोकांनी खेओप्स नावाचा छोटा स्टुडिओ काढला. इंजिन? तेच जुनं तत्त्व, चित्राच्या मध्ये उभं राहा आणि मान वळवा. विषय? ज्यूल व्हर्नचं रहस्यमय बेट. फक्त यांनी एक केलं, एका कोड्याची तीन-चार उत्तरं ठेवली, वस्तू जोडायच्या-मोडायच्या, माकडाला काम सांगायचं, म्हणजे त्या थिजलेल्या चित्रात हाताला भरपूर उद्योग दिला. 2004 मध्ये रिटर्न टू मिस्टेरियस आयलंड आली, बजेट छोटं, डबा स्वस्त, विकायला परत ड्रीमकॅचरचंच लेबल. लोकांना आवडली, दुसरा भाग निघाला, आणि त्याच जुनाट पद्धतीनं खेओप्सनं पुढची काही वर्षं एकापाठोपाठ एक गेम्स काढल्या.